शीळ आणि श्वान

मराठवाड्यांतील कोणत्याहि खेड्यांत कुत्र्याशीं बोलण्याचे तीन शब्द लहान मुलालाहि ठाऊक असतात. कोणाच्या अंगावर सोडावयाचें असेल तर 'छू', जवळ बोलवावयाचें असेल तर 'यू यू', आणि हाकलून लावावयाचें असेल तर 'हाड'. जा, ये आणि चालता हो, एवढ्यांत माणसाचें कुत्र्याशीं असलेलें बहुतेक बोलणें संपतें. परंतु याशिवाय चौथी एक आज्ञा आहे. 'आहेस तेथेंच थांब आणि मजकडे पाहा', ही ती आज्ञा. कुत्रा दीडशें पावलांवर आहे, वारा उलट वाहतो आहे आणि समोरून ससा उठला आहे, अशा वेळीं ती देण्यासारखा शब्द घरोघर रूढ झालेला नाहीं. ती देण्याचें साधन म्हणजे शिट्टी. माणूस कुत्र्याला सोडण्यास फार लवकर शिकला, थांबविण्यास फार उशिरां. नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांच्या आसपास या गोष्टीचा माग काढतां येतो.

या इतिहासाचें एक जुनें पान दगडावर कोरलेलें आहे. राष्ट्रकूट राजे आपल्या बिरुदांत स्वतःस 'लट्टलूरपुरवराधीश्वर' म्हणवीत, आणि हें लट्टलूर म्हणजेच आजचें लातूर असें बहुतेक इतिहासकार मानतात. त्याच घराण्यांतील तिसरा कृष्ण (इ. स. ९३९ ते ९६७) याचें नांव नांदेड जिल्ह्यांतील कंधारशीं जोडलेलें आहे. या कृष्णाचा मेहुणा व मांडलिक गंग राजा बूतुग यानें तक्कोलमच्या लढाईंत चोळ राजपुत्र राजादित्य यास मारलें. त्या युद्धांत मणलेर नांवाच्या एका वीरानें पराक्रम गाजविला. प्रसन्न झालेल्या बूतुगाकडे त्यानें 'काळि' नांवाचा शिकारी कुत्रा मागितला आणि तो त्यास मिळाला. पुढें एका टेकडीवर प्रचंड रानडुकरावर हा कुत्रा सोडला असतां दोघेहि झुंजत झुंजत मेले. त्या कुत्र्याच्या स्मरणार्थ आतकूर येथें देवळासमोर शिळा उभारण्यांत आली आणि तिच्या पूजेसाठीं जमीन तोडून देण्यांत आली. शके ८७२ चा हा कानडी लेख असून शिळेवर कुत्रा आणि डुक्कर यांची झुंज कोरलेली आहे. आतकूर हें गांव कर्नाटकांतील मंड्या जिल्ह्यांत आहे, आणि ती शिळा आतां बंगळूरच्या सरकारी संग्रहालयांत आहे. कुत्र्याला एवढा मान देणारा हा लेख त्याचा आवेश सांगतो, त्याचा मृत्यु सांगतो. धनी आणि कुत्रा यांचा संबंध कुत्रा सुटतांच संपतो.

यानंतर सुमारें एकशें ऐंशी वर्षांनीं, इ. स. ११२९ च्या सुमारास, कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. कल्याणी म्हणजे बीदर जिल्ह्यांतील आजचें बसवकल्याण. लातूरकरांना हा मुलूख परका नाहीं, कारण उदगीर, निलंगा व अहमदपूर हे तालुके १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यांतच मोडत असत. राजानें करमणूक कशी करावी याचे जे अनेक विनोद या ग्रंथांत वर्णिले आहेत, त्यांत 'सारमेयविनोद' हाहि एक आहे. सारमेय म्हणजे कुत्रा. ऋग्वेदांतील सरमेची संतति. गजविद्या आणि अश्वविद्या यांच्या बरोबरीनें कुत्र्याच्या शिकारीस राजग्रंथांत स्वतंत्र स्थान मिळावें, यावरून दख्खनच्या दरबारांत हा विषय किती मानाचा होता तें दिसतें.

शिकारीची ही आवड या प्रांताच्या स्थलनामांतहि उरली आहे. गुरु गोविंदसिंगांचें १७०८ मध्यें जेथें निर्वाण झालें त्या नांदेडनजीक गोदावरीच्या कांठीं शिकारघाट नांवाचा गुरुद्वारा आहे. आणि ज्या कुत्र्यांनीं या मुलुखाचें नांव दूरवर नेलें तीं कारवानी व पश्मी कुत्रीं लातूर, नांदेड आणि धाराशिव या जिल्ह्यांतील खेड्यांत आजहि पाळलीं जातात. कारवानीची कातडी गुळगुळीत असते. पश्मीच्या कानांवर, पायांवर व शेपटीवर रेशमासारखे केंस असतात. 'पश्म' या फारशी शब्दाचा अर्थच लोंकर असा आहे. मध्य आशिया व अरबस्तान इकडील काफिल्यांबरोबर त्यांचे पूर्वज दख्खनेंत आले, अशी समजूत आहे आणि 'कारवां' शब्दावरून पडलेलें नांव तिला पुष्टि देतें. कर्नाटकांतील मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनीं याच वंशाच्या कुत्र्यांची जोपासना करून त्यांना मुधोळ हाउंड हें नांव मिळवून दिलें.

ही जात डोळ्यानें शिकार करणारी आहे. लांब निमुळतें तोंड, खोल छाती, आंत गेलेलें पोट आणि कमानीसारखी पाठ, ही सारी ठेवण वेगासाठीं आहे. माळावर ससा दिसला कीं पट्टा सुटतो आणि एकदोन मिनिटांत जय किंवा पराजय ठरून जातो. त्या अवधींत धन्याचें काम उरत नाहीं. माणूस त्याच्यामागें धांवूं शकत नाहीं, त्यास मदत करूं शकत नाहीं, आणि हांक मारली तरी ती त्याच्या कानीं शिरत नाहीं, कारण त्या क्षणीं त्याचा सारा जीव डोळ्यांत गोळा झालेला असतो. धन्याचें कौशल्य योग्य वेळीं सोडण्यांत असे. म्हणून या परंपरेंत 'छू' हा शब्द वाढला आणि थांबविण्याची विद्या वाढली नाहीं. यांत कुत्र्याचाहि दोष नाहीं आणि पाळणाऱ्यांचाहि नाहीं. कामाचें स्वरूपच तसें होतें.

बंदुकीनें हें स्वरूप बदललें. एकोणिसाव्या शतकांत हैदराबाद संस्थानच्या हिंगोली, मोमिनाबाद म्हणजे आजचें अंबाजोगाई, जालना आणि औरंगाबाद म्हणजे आजचें छत्रपति संभाजीनगर, या ठिकाणीं हैदराबाद कंटिन्जंटच्या छावण्या होत्या. इंग्रज अधिकाऱ्यांबरोबर स्पॅनियल, पॉइंटर व टेरियर हीं विलायती कुत्रीं हिंदुस्थानांत आलीं. त्यांपैकीं स्पॅनियलचें काम कारवानीच्या अगदीं उलट आहे. तो नाकानें शिकार शोधतो. झुडपांत, उसांत, लव्हाळ्यांत शिरून तो लपलेला तित्तर किंवा लावा उठवितो. मारण्याचें काम बंदूक करते. आणि नंतर पडलेला पक्षी तोंडांत अलगद धरून तो आणून देतो. छऱ्याची बंदूक सुमारें तीस-चाळीस पावलांपर्यंतच खात्रीची. कुत्रा त्यापलीकडे गेला कीं पक्षी उठूनहि व्यर्थ, आणि उठलेल्या पक्ष्यामागें तो धांवत सुटला तर छरा त्यालाच लागावयाचा. म्हणून या कुत्र्याला दोन गोष्टी आल्याच पाहिजेत: धन्याच्या पुढें उजवीकडून डावीकडे फिरत राहणें, आणि पक्षी उठतांच जागच्या जागीं बसणें. दुसरी गोष्ट त्याच्या प्राणाशीं गांठलेली आहे. थांबविण्याची विद्या येथें जन्मास आली.

प्रथम ही आज्ञा तोंडानें देत. पण माणसाचा आवाज रोज सारखा नसतो. राग आला, दम लागला, सर्दी झाली कीं तो बदलतो. शिवाय आरोळीनें पक्षी सावध होतो. १८४८ मध्यें हचिन्सन या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानें कुत्र्यांच्या शिक्षणावर एक पुस्तक लिहिलें. मारून शिकविण्याची चाल सर्रास असलेल्या त्या काळांत त्यानें पहिले धडे घराच्या आंत, शांतपणें आणि खुणांनीं द्यावेत असा आग्रह धरला. पुढें शिट्ट्याहि कारखान्यांत होऊं लागल्या. बर्मिंगहॅमच्या जोसेफ हडसन यानें १८८३ मध्यें लंडनच्या पोलिसांसाठीं शिट्टी तयार केली. त्याच कारखान्यानें पुढें कुत्र्यांसाठीं ठराविक स्वराच्या, क्रमांक घातलेल्या शिट्ट्या काढल्या. क्रमांकाचा फायदा मोठा आहे. शिट्टी हरवली तरी त्याच क्रमांकाची दुसरी आणतां येते आणि कुत्र्यास तो फरक कळत नाहीं. माणसाचा गळा असा बदलून आणतां येत नाहीं.

याच सुमारास, १८७६ मध्यें, फ्रान्सिस गाल्टन या शास्त्रज्ञानें फार उंच स्वराची शिट्टी बनविली. काठीच्या टोंकास ती बसवून, रबराच्या फुग्यानें वाजवीत तो प्राणिसंग्रहालयांतून हिंडे आणि कोणता प्राणी कान टवकारतो तें पाही. माणसाला सेकंदास सुमारें २०,००० कंपनांपर्यंतचा स्वर ऐकूं येतो, कुत्र्याला सुमारें ४५,००० पर्यंतचा. यावरून पुढें 'मूक शिट्टी' निघाली. तिचें नवल वाटतें, पण नवशिक्यासाठीं ती सोईची नाहीं. आपण काय वाजविलें हेंच वाजविणाऱ्यास ऐकूं येत नाहीं, आणि प्रत्येक वेळीं स्वर सारखा निघाला कीं नाहीं याची त्यास खात्री करतां येत नाहीं. साधी ऐकूं येणारी शिट्टी शिक्षकालाहि शिस्त लावते.

स्पॅनियलच्या शिक्षणांत शिट्टीचे तीन संकेत बहुतेक ठिकाणीं सारखे आहेत. एक लांब स्वर म्हणजे बस. दोन आंखूड स्वर म्हणजे वळ. तीनचार आंखूड स्वर लागोपाठ म्हणजे परत ये. एवढीच वर्णमाला. ती लहान पिलाला शिकविणें सोपें. चारपांच वर्षांच्या, कामाच्या संवयी लागलेल्या कुत्र्याला शिकविणें निराळें. 'जून झालेला कुत्रा काय शिकणार', असें पुष्कळांना वाटतें. वस्तुतः प्रौढ कुत्र्याचें लक्ष पिलापेक्षां अधिक वेळ टिकतें आणि त्याला धन्याचा स्वभाव ठाऊक असतो. अडचण येते ती जुन्या अर्थांची. जी शिट्टी त्याच्या कानीं शंभर वेळां पडली आणि जिच्यामागून कधीं कांहींच घडलें नाहीं, ती त्याच्या दृष्टीनें निरर्थक ठरलेली असते. म्हणून अशा कुत्र्यासाठीं पहिला नियम असा कीं जुनी शिट्टी बाजूस ठेवावी आणि निराळ्या स्वराची नवी घ्यावी. मळलेली पाटी पुसण्यापेक्षां कोरी पाटी बरी.

त्याहि आधीं त्याचे कान पाहावेत. स्पॅनियलचे कान लांब, केंसाळ आणि लोंबते. मराठवाड्याच्या माळावर कुसळें भरपूर. तीं कानांत शिरतात, गोचीड बसतात, आंत ओल राहून दुखणें जडतें. अवज्ञा म्हणून ज्या कुत्र्यास बोल लावला जातो त्यास ऐकूंच येत नसेल, तर सारें शिक्षण अन्यायाचें ठरतें. उतरत्या वयांत बहिरेपणाहि येतो. कानांची तपासणी जनावरांच्या डॉक्टरकडून झाली कीं मगच शिट्टी हातीं घ्यावी.

आरंभ भाकरीच्या वेळीं करावा. कुत्रा चार पावलांवर असतां परत येण्याची शिट्टी हळूच वाजवावी आणि लगेच ताटली खालीं ठेवावी. येथें क्रमाला महत्त्व आहे. आधीं स्वर, मग अन्न. अन्नाच्या आधीं ठराविक आवाज वारंवार आला तर कुत्र्याच्या तोंडास त्या आवाजानेंच लाळ सुटते, हें रशियांतील पाव्हलॉव्ह यानें विसाव्या शतकाच्या आरंभीं दाखवून दिलें. उलट क्रम लावला, म्हणजे ताटली दिसल्यावर शिट्टी वाजविली, तर ती शिट्टी कुत्र्याच्या मनांत कशाचीच सूचना होत नाहीं. प्रौढ कुत्र्यास 'बस' हा शब्द बहुधा आधींच येत असतो. त्याचा येथें उपयोग होतो. प्रथम लांब शिट्टी, क्षणभर थांबून 'बस' हा शब्द, आणि बसतांच बक्षीस. कांहीं दिवसांनीं शब्द उच्चारण्यापूर्वींच कुत्रा बसूं लागतो. त्या दिवसापासून शब्द गाळावा. जुन्या शब्दाचा अर्थ नव्या स्वरांत उतरला, असें समजावें.

यानंतर दोरी. दहा-बारा हात लांबीची हलकी दोरी पट्ट्यास बांधून मोकळ्या जागीं तोच धडा द्यावा. दोरी ओढून शिक्षा करावयाची नसते. शिट्टी झाल्यावर न येण्याची वाट बंद ठेवणें, एवढेंच तिचें काम. अंतर वाढवावयाचें असेल त्या दिवशीं भुलविणाऱ्या गोष्टी कमी ठेवाव्यात, आणि भुलविणाऱ्या गोष्टी आणावयाच्या त्या दिवशीं अंतर कमी करावें. दोन्ही एकदम वाढविल्यास पाया खचतो. एक बैठक पांच-सात मिनिटांहून मोठी नसावी; दिवसांतून दोन पुरेत. लातूर-नांदेडकडील उन्हाळा लक्षांत घेतां दाट केंसांच्या या कुत्र्याचा धडा सूर्य वर येण्यापूर्वीं आटोपावा आणि पाणी जवळ असावें.

तीन चुका हें सारें काम धुळीस मिळवितात. पहिली, जेथें आज्ञा पाळून घेतां येणार नाहीं तेथें शिट्टी वाजविणें. कुत्रा सशामागें सुटला असतां पुनःपुन्हा शिट्टी फुंकणारा मनुष्य त्यास शिट्टी न ऐकण्याचाच धडा देत असतो. दुसरी, उशिरां परत आलेल्या कुत्र्यास मारणें. त्याच्या समजुतीप्रमाणें तो मार उशिराबद्दल नसतो, परत येण्याबद्दल असतो. दुसऱ्या वेळीं तो येतच नाहीं. तिसरी, घरांतील दोघांनीं दोन प्रकारें शिट्टी वाजविणें. बाप लांब शिट्टीला बसवितो आणि मुलगा त्याच शिट्टीनें बोलावतो, असें झालें कीं कुत्रा दोघांनाहि सोडून आपल्या मर्जीनें वागूं लागतो. या तिन्ही चुका माणसाच्या आहेत, आणि म्हणून या शिक्षणांत अर्धा विद्यार्थी माणूसच असतो.

आतां प्रश्न असा कीं शिकार गेली, मग ही विद्या कशासाठीं? १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर काळवीट, चिंकारा किंवा ससा यांच्यावर कुत्रा सोडून शिकार करणें हा गुन्हा आहे. स्पॅनियलला त्याच्या नाकामुळें दुसरें काम मिळालें. विमानतळ व मेट्रो यांच्या रक्षणासाठीं असलेल्या केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलांत कॉकर स्पॅनियल स्फोटकांचा वास काढण्याचें काम करतात. जें नाक एके काळीं तित्तर शोधीत असे तें आतां दारू शोधतें, आणि जेथें सांपडेल तेथें स्तब्ध बसणें ही जुनी शिस्त येथें तर हजारपट मोलाची ठरते. स्फोटकांना तोंड न लावतां जागीं बसणारा कुत्राच या कामाचा.

कारवानी आणि पश्मी यांचा प्रश्न मात्र अवघड आहे. त्यांचें काम वेगाचें, आणि त्या वेगाला कायदेशीर वाट उरली नाहीं. मुधोळ हाउंडला २००५ मध्यें टपालाच्या तिकिटावर स्थान मिळालें, आणि २०१६ मध्यें त्याचीं पिल्लें लष्कराच्या मेरठ येथील केंद्रांत शिक्षणासाठीं गेलीं. हा मान योग्यच आहे. पण खेड्यांत शेताच्या राखणीस असलेल्या शेंकडों कुत्र्यांच्या वाट्यास तिकीट किंवा लष्कर येत नाहीं. त्यांच्या वाट्यास रस्ता येतो. पूर्वीं माळावर सुटलेला कुत्रा थकून परत येई. आतां त्याच माळाला छेदून रुंद सडक जाते आणि तिच्यावर रात्रंदिवस मालमोटारी धांवतात. काळवीट दिसतांच सुटलेला कुत्रा एक तर त्या चाकांखालीं जातो, नाहीं तर मुक्या जनावराचा जीव घेऊन धन्याला कायद्याच्या कचाट्यांत टाकतो.

अशा कुत्र्याला शिट्टी शिकवितां येते काय? येते, परंतु स्पॅनियलइतकी नव्हे, आणि ही मर्यादा आधींच समजून घेतलेली बरी. स्पॅनियल शेंकडों वर्षें धन्याच्या जवळ राहून काम करण्यासाठीं निवडला गेला. कारवानी धन्यापासून दूर जाण्यासाठीं. पूर्ण वेगांत असलेल्या कारवानीला शिट्टीनें थांबविण्याची खात्री कोणी देऊं नये. परंतु धांव सुरू होण्यापूर्वीं एक क्षण असतो. मान ताठ होते, कान टवकारले जातात, पुढचा एक पाय उचलला जातो आणि नजर एका ठिकाणीं खिळते. तो क्षण ओळखून दिलेली शिट्टी, जर रोज भाकरीच्या वेळीं पक्की केलेली असेल, तर पुष्कळदां कुत्र्याचें तोंड वळवूं शकते. राखणाऱ्याच्या अंगीं हा क्षण टिपण्याची नजर पूर्वापार आहे. योग्य वेळीं पट्टा सोडण्यासाठीं त्याचे वाडवडील हाच क्षण टिपीत असत. तीच नजर आतां आवरण्यासाठीं वापरावयाची आहे.

लातूर-नांदेडच्या ज्या घरांत असा कुत्रा आहे, त्या घरांत यासाठीं खर्च जवळजवळ नाहीं. एक साधी शिट्टी, एक दोरी आणि रोज संध्याकाळीं भाकरी घालतांना पांच मिनिटें, एवढें पुरें. शिट्टी दाराजवळ खुंटीस टांगावी आणि घरांतील सर्वांनीं ती कशी वाजवावयाची हें एकदां बसून ठरवावें. मग कुत्र्यास बोलवावें.